बटाट्याचा नवा वाण आणि चिप्सची चाचणी: माझा अनुभव

बटाट्याचा नवा वाण यायला दहा-बारा वर्षं लागतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सपाटीवर हिवाळ्यातला दिवस लहान, कळ्या गळतात. म्हणून संकर उन्हाळ्यात, शिमल्याजवळ कुफरीला. छोट्या हिरव्या टोमॅटोसारखं फळ धरतं आणि त्यातल्या प्रत्येक बीचं रोप वेगळं निघतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक बाद होतात: कुणाचे डोळे खोल, कुणी करप्याला बळी. काढणीला ओळीने चालायचं, नापसंत ढीग तिथेच सोडायचा. मला तर त्यात मजाच येते.

आमचं घोडं अडलं चिप्सच्या चाचणीत. आमच्या क्लोनने, म्हणजे एकाच निवडलेल्या रोपाच्या कंदांपासून वाढवलेल्या बटाट्याने, मंचरकडच्या प्लॉटवर कुफरी ज्योती या जुन्या वाणाला मागे टाकलेलं, शुष्कांशही (पाणी वगळून उरणारा भाग) 20 टक्क्यांच्या वर. नमुना लॅबला गेला. तिथे तळायचं तेल संपलेलं, खरेदीची फाईल सहीसाठी पडून. तोवर माल सडू नये म्हणून कुणीतरी पोती बेण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सरकवली, 2 ते 4 अंशांवर. बेण्याला ते ठीक, चिप्सचा मात्र घात. थंडीत स्टार्चची साखर होते आणि तीच तेलात काळी पडते. अहवाल आला: 'रंग असमाधानकारक. नापास.'

"मॅडम, पोती कुठे ठेवली होती?"

"तशी नोंद नसते. फेरचाचणीला नवा अर्ज करा, फी भरा."

चिडून अहवाल पुन्हा वाचला, तर खालच्याच ओळीत तुलनेसाठी घेतलेला कुफरी चिप्सोना-1 सुद्धा काळा! चिप्ससाठीच काढलेला वाण नापास होतोय, एवढं तरी कुणाच्या डोळ्यांत भरायला हवं होतं की नाही? त्या ओळीवर लाल रेघ मारून पत्र दिलं, तेव्हा कुठे बिनफीची फेरचाचणी मिळाली. 10 ते 12 अंशांवर राखून ठेवलेला माल दिला. कढईतून फिक्या सोनेरी चकत्या निघाल्या. मी तिथेच उभ्या उभ्या मूठभर खाल्ल्या, मीठ नसताना.

तेव्हा अर्धा माल कायम स्वतःकडे ठेवा, पोत्यावर काढणीची तारीख आणि तापमान ठळक लिहा, तुलनेच्या वाणाचा निकाल मागून घ्या. आणि हो, कुफरीला संकराच्या फुलावर टॅग बांधाल तो पेन्सिलने लिहा. तिथल्या पावसात शाई टिकत नाही.