स्वस्तात मिळालेली महाग गाडी

जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसण्याचा एक नाद असतो. गाडी घ्यायची असो, नसो. हा नाद असलेल्या माणसाचं बोट छोट्या, नव्या, शहाण्या गाड्यांवर फार वेळ थांबत नाही. ते सरकत सरकत एका ठरावीक फोटोपाशी येतं. लांबसडक काळी सेदान, वय आठ-दहा वर्षं, आत तपकिरी लेदर, स्टिअरिंगवर तीन टोकांची चांदणी, चार कड्या नाहीतर निळा-पांढरा गोल, म्हणजे मर्सिडीज, ऑडी नाहीतर बीएमडब्ल्यू. आणि खाली लिहिलेली किंमत नव्या कोऱ्या हॅचबॅकएवढी, कधी कधी त्याहूनही कमी. इथवर वाचलं की मनातला हिशेबनीस उठून जातो आणि त्याच्या खुर्चीत वकील येऊन बसतो. सहा सिलिंडर, आठ गिअर, गरम होणाऱ्या सीटा, आणि हे सगळं त्याच पैशांत! वकिलाचा युक्तिवाद बिनतोड ठरतो, कारण उलटतपासणी घ्यायला समोर कोणी उरलेलंच नसतं.

मी अशी गाडी घेतली आहे, वापरते आहे, आणि सल्ला विचारायला येणाऱ्यांना एकच गोष्ट सांगत आले आहे. गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. हत्ती कोणी निम्म्या किमतीत दिला म्हणून तो निम्मा चारा खात नाही. तिसऱ्या मालकाला ही गाडी काय भावात पडली हे तिच्या वॉटर पंपाला ठाऊक नसतं. त्याचं बिल गाडीच्या मूळ ऐपतीप्रमाणेच येतं.

किंमत एवढी का पडते, याचं उत्तर गाडीत कमी आणि तिच्या मालकांच्या यादीत जास्त सापडतं. युरोपात महागड्या नव्या गाड्यांचा मोठा वाटा कंपन्यांच्या नावावर किंवा लीजवर निघतो. तीन-चार वर्षं झाली की त्या परत येतात आणि बाजारात उतरतात. त्याच सुमाराला वॉरंटी संपत आलेली असते. पहिल्या मालकाने सर्व्हिसिंग वेळेवर केलेलं असतं, कारण बिल त्याच्या खिशातून जात नव्हतं. दुसरा शोरूमलाच जातो, पण कुरकुरत. तिसरा बाहेरचं गॅरेज गाठतो. चौथा ऑइल बदलतो आणि बाकीच्याला ‘बघू पुढे’ म्हणतो. गाडीची भूक तीच राहते, मालकाचा हात मात्र दर खेपेला आखडत जातो. बाजाराला हे पक्कं ठाऊक असतं. पुढे निघणारी बिलं त्याने आधीच किमतीतून वजा केलेली असतात, आणि आपण त्यालाच सूट समजून हरखून जातो.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला होता. मुद्दा असा, की गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी कोणी विकायला काढत नाही, आणि बाजारात उरतो तो गाळ. २००१ साली अकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. जुनी जर्मन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हा सिद्धांत अर्थशास्त्र न शिकताही समजतो. फक्त जरा उशिरा.

बरं, या गाड्या टिकतात का? टिकतात म्हणणारे ग्रीसमधल्या एका टॅक्सीचं उदाहरण देतात. थेसालोनिकीच्या ग्रेगोरिओस साकिनिडिस यांनी १९८१ साली एक मर्सिडीज २४० डी घेतली. तीही वापरलेलीच होती, १९७६ची, दोन लाख किलोमीटरच्या वर पळालेली. २००४ साली ती त्यांनी कंपनीच्या संग्रहालयाला दिली तेव्हा तिचे ४६ लाख किलोमीटर झाले होते. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांची १९६६ची व्होल्व्हो पी१८०० तर ३० लाख मैलांच्या पुढे गेली. विकणाऱ्यांना या गोष्टी तोंडपाठ असतात. साकिनिडिस यांनी या प्रवासात अनेकदा इंजिन बदललं, आणि गॉर्डन सर्व्हिसिंगच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते, हा भाग मात्र सांगायचा राहून जातो. शिवाय त्या दोन्ही गाड्यांत ना टर्बो होता, ना कॉम्प्युटर, ना दारं आपोआप ओढून घेणारी मोटर. त्यांच्या पुण्याईवर आजची गाडी विकणं म्हणजे पणजोबांच्या तब्येतीवर पणतूचा विमा काढण्यातला प्रकार आहे.

माझं मत विचाराल तर या गाड्यांचं इंजिन सहसा मरत नाही. मरतं ते इंजिनाभोवतीचं प्लॅस्टिक आणि रबर. मागे एकदा मेकॅनिकने कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, एक पाइप काढून माझ्या हातात ठेवला. अंगठ्याएवढा जाड, काळा, कोपऱ्यात वळलेला, वरून अगदी धडधाकट. ‘दाबा जरा,’ तो म्हणाला. दाबला तर तोंडाकडचा भाग कट्कन तुटून आला. तुटलेली कड तपकिरी पडलेली, नखाने खरवडली तर भुगा निघत होता. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन असतं ते. नवं असताना चांगलं चिवट. पण हल्लीची इंजिनं इंधन वाचावं आणि धूर कमी व्हावा म्हणून मुद्दाम जास्त गरम चालवतात. कूलंट १०० अंशांच्या आसपास, कधी थोडं वरही. दाबाखाली असतं म्हणून उकळत नाही एवढंच. रोज तापायचं, रोज निवायचं, असं दहा वर्षं चाललं की नायलॉनचा चिवटपणा संपतो.

पाइप तसा किरकोळ किमतीचा होता. पण त्याच्यापर्यंत पोचायला वरचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, उतरवावं लागलं. मॅनिफोल्ड काढलं की त्याची गॅस्केटं नवी घालावी लागतात, आणि इतकं उघडलंच आहे तर शेजारचा दुसरा पाइपही बदलून टाकावा, कारण तोही त्याच वयाचा. बिलात पाइप शोधायला मला चष्मा लावावा लागला. मजुरी लांबूनही दिसत होती. आणि एवढं करून मी नशीबवानच. हाच पाइप रस्त्यात तुटला असता, कूलंट सांडून गेलं असतं आणि तापमानाचा काटा वेळेवर दिसला नसता, तर सिलिंडरांवरचं ॲल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं असतं. मग न मरणाऱ्या इंजिनाचंच काम निघालं असतं.

हात न पोचण्याची ही खोड सगळीकडे आहे. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या डिझेल इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणारी साखळी, मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायची तर बहुधा इंजिनच खाली उतरवतात. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह धुऊन निघत नाहीत, कारण इंधन त्यांना शिवतच नाही. त्यांच्यावर काजळीची पुटं चढतात. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या दाबाने मारतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मेकॅनिक थट्टा करतोय असंच वाटलं. पण पद्धत खरी आहे आणि समजूतदारपणाचीही: टरफल काजळी खरवडतं, धातूला ओरखडा पाडत नाही.

गिअरबॉक्सच्या ऑइलची गोष्ट तर सगळ्यांत बोधप्रद. अनेक गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं लागत नाही. आणि त्यातले कितीतरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, नाहीतर जास्तीत जास्त ८ वर्षांनी ते बदला. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. गाडीवाल्या कंपनीचा हिशेब पहिल्या मालकापाशी संपतो, आपला तिथून सुरू होतो. झेडएफच्या बऱ्याच मॉडेलांत फिल्टर तळाच्या प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे ऑइलबरोबर अख्खा पॅन बदलायचा. पॅन खाली आला की आतल्या चुंबकांना किती चुरा चिकटलाय ते बघायचं. बारीक करडा लेप असेल तर ठीक. किसल्यासारखे तुकडे असतील तर मेकॅनिक आपल्याकडे न बघता हात पुसायला लागतो.

म्हणून गाडी बघायला गेलं की मी आधी फाइल मागते. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांपेक्षा बिलं बरी, कारण बिलावर तारीख, किलोमीटर आणि नेमकं काय बदललं ते असतं. त्या तारखांमधली मोकळी जागा सगळ्यांत जास्त बोलते. दोन वर्षं एकही बिल नाही, तर त्या काळात गाडी उभी होती की मालकाचा हात आखडला होता? मग बॉनेटवर हात ठेवायचा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिन सुरू होताना काय आवाज करतं ते लपवायचं असू शकतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला आणि एकही एरर कोड नाही आला, तर लगेच खूश होऊ नये. गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या चालता चालता पूर्ण करते, त्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर कोड बहुधा नुकतेच पुसलेत. चोराने फरशी ओली ठेवून जावं तसं ते असतं.

आणि जाहिरातीत ज्या गोष्टी ठळक छापतात, त्यांना मी आता घाबरते. एअर सस्पेन्शन म्हणजे रबराच्या पिशव्या. त्यांना चिरा पडल्या की हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो आणि शेवटी तोही जातो. मोठं काचेचं छत छानच दिसतं, पण त्याच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की तेच पाणी गालिच्याखाली साचतं, आणि कितीतरी गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सचे डबे नेमके तिथेच असतात. साधं सस्पेन्शन, साधं छत, लहान चाकं आणि कंटाळवाणा रंग असलेली गाडी दिसली तर तिच्याकडे दुसऱ्यांदा बघावं. सगळ्यांत वरच्या मॉडेलपेक्षा ही खालची मॉडेलं म्हातारपणी फार समजूतदार निघतात.

सुट्या भागांच्या बाबतीत एक दिलासा आहे. गाडीच्या कंपनीच्या डब्यात येणारा सस्पेन्शनचा आर्म पुष्कळदा लेम्फर्डरने, क्लच झाक्सने, सेन्सर बॉशने बनवलेला असतो. तोच भाग बनवणाऱ्याच्या डब्यात घेतला तर बराच स्वस्त पडतो. माझ्या गाडीला बसवलेल्या एका भागावर तर कंपनीचा लोगो होता तेवढी जागा घासून सपाट केलेली होती. बाकी साचा तोच, नंबर तोच. त्या घासलेल्या जागेचे पैसे वाचले याचा मला आठवडाभर आनंद होता.

एवढं सगळं करून हाती काय येतं? रात्री मोकळा रस्ता लागतो, वेग वाढतो, आणि गाडी जमिनीशी अजून थोडी सलगी करते. वेगमर्यादा नसलेले मोटरवे डोळ्यांसमोर ठेवून जिची चेसिस बांधली, तिला आपल्या नेमस्त वेगात काही कष्टच पडत नाहीत. सहा तास बसून उठलं तरी पाठ तक्रार करत नाही. ऑडीने १९८०च्या दशकातच पूर्ण बॉडीला जस्ताचा लेप द्यायला सुरुवात केली होती. त्या विचाराने बांधलेल्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या तरी गंजाने झडत नाहीत. दार लावल्यावर येणाऱ्या आवाजाबद्दल मी काही बोलणार नाही, त्यावर आधीच फार लोक फार बोललेत. हे सगळं पहिल्या मालकाने मोजलेल्या किमतीच्या एका तुकड्यात मिळतं, हे खरंच. पण ज्याला किल्ली फिरवायची आणि गाडीचा विचारच करायचा नाही, त्याने सरळ एखादी जपानी गाडी घ्यावी. ती विसरून गेलेलं चालवून घेते. ही चालवून घेत नाही. बॅटरी नवी बसवली तर काही मॉडेलांत तसं कॉम्प्युटरला कळवावं लागतं, नाहीतर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते.

आणि काही दुखणी अशी, की त्यांना ना स्कॅनर लागतो ना मेकॅनिक. या वयाच्या बऱ्याच युरोपीय गाड्यांच्या बटणांवर मऊ, रबरासारखा लेप देत. नवा असताना बोटाला फार छान लागतो. वय झालं की तोच विरघळून चिकट होतो, आणि बटण दाबलं की बोट काळं. उपाय सोपा आहे, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं. मी पुसलं. चिकटपणा गेला, आणि त्याबरोबर बटणांवरची चित्रंही गेली. खाली निव्वळ काळं, गुळगुळीत प्लॅस्टिक निघालं. मला सवयीने सगळी बटणं पाठ आहेत. शेजारी बसलेल्याला काच खाली करायची असेल तर मात्र आधी मला विचारावं लागतं, आणि जे न विचारता दाबतात त्यांची सीट गरम व्हायला लागते.