तरंग थाळी: खळग्यांतल्या धुक्याचा छडा लागला

भट्टीत साच्यावर काच वाकवून केलेल्या मागच्या वेळच्या थाळीचे उंचवटे लख्ख होते आणि खळग्यांत दुधी पापुद्रा, आठवत असेल. बहुतेकांनी डेव्हिट, म्हणजे काचेवर स्फटिक धरणं, म्हटलं, मीही तेच धरून चालले होते. सोक (वरच्या तापमानाला धरून ठेवायचा वेळ) कमी केला, काच दोनदा पुसली, किल्न वॉश (काच चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) बदललं. धुकं जागचं हललं नाही.

डेव्हिट असतं तर त्याने उंचवटेही सोडले नसते. मग खळगेच का? वाकताना खळग्यात काचेचा वरचा पृष्ठभाग आक्रसतो, उंचवट्यावर ताणला जातो. आपली खिडकीची काच, म्हणजे फ्लोट, वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते, त्या बाजूत थोडं कथील मुरतं. ती बाजू आक्रसली की त्या थराला बारीक सुरकुत्या पडतात. म्हणजे हा टिन ब्लूम, कथलाचं धुकं!

बाजू ओळखायला २५४ नॅनोमीटरचा शॉर्टवेव्ह यूव्ही दिवाच घ्या, टिन साइड (कथलाची बाजू) दुधी चमकते. नोटा तपासायच्या टॉर्चवर पैसे घालू नका. डोळ्यांना यूव्ही अडवणारा चष्मा हवाच. वागळे इस्टेटला काच आणायला जाते तेव्हा दिवा आता पिशवीतच असतो.

टिन साइड खाली ठेवून ७१० अंश सेल्सिअसला स्लम्प (काच मऊ करून साच्यात बसवणं), ५५० ला अ‍ॅनील (ताण जावा म्हणून सावकाश निववणं). भट्टी उघडली तर खळगे अक्षरशः ओले दिसत होते! कितीतरी वेळ बघतच बसले.

फायबरच्या साच्यात या वेळी वलयं बाहेर दाट आणि आत रुंद कोरली होती. उपवन तलावात थेंब पडला की असंच दिसतं. साधारण १.७ सेंमीपेक्षा आखूड लाटा पृष्ठताणावर चालतात. त्यांतली जितकी आखूड तितकी वेगवान, म्हणून बारीक वलयं पुढे पळतात. सारख्या अंतराची वलयं ग्रामोफोनच्या तबकडीसारखी दिसतात, पाण्याची नाही.

आता खालून उंचवट्यांच्या पोटात पुसट पांढरी रेघ आलीय, कारण तिथे खालची बाजू आक्रसते. ती घालवायचा उपाय लिहिणार होते. पण लाटेच्या माथ्यावर पांढरं म्हणजे फेसच की! येऊरचा ओढा दाखवायच्या काचेच्या तुकड्यासाठी पांढरी फ्रिट (काचेचा चुरा) मागवणार होते, ती रद्द. ९० किंवा ९६ सीओईची (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती पसरते त्याचा आकडा) फ्रिट फ्लोटशी जुळत नाही, तडकते. फेस काचेतूनच काढायचा: प्रवाहाच्या पट्ट्या टिन खाली, धबधब्याच्या पायथ्याच्या पट्ट्या टिन वर आणि तिथे साचा खोल. सगळ्या पट्ट्या एकाच शीटमधल्या, बाजू कळायला बाण काढून.

ब्लूम मुद्दाम दाट करायला कोणी जास्त वेळ सोक दिलाय का? तापमान किती ठेवलंत, सांगा.