मलावीतल्या मिशनच्या शाळेत अठरा दिवस (पुढे जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

माझी मावशी सिस्टर, म्हंजे नन आहे. मूळची वसईची, आणि गेली एकोणीस वर्षं आफ्रिकेत मलावी देशात डेड्झा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवते. मी स्वतः पालघर जिल्ह्यात झेडपी शाळेत आहे, त्यामुळे तिच्याशी फोनवर बोलणं म्हंजे निम्मं घरचं आणि निम्मं पटसंख्येचं. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत शेवटी जाऊन आले. आल्यापासून आमच्या पॅरिशमधली, म्हंजे आमच्या चर्चच्या विभागातली, चार-पाच जणं विचारतायत की आम्हालाही जायचंय, काय करायचं, किती खर्च, तिथे शिकवता येईल का, म्हणून एकदाच नीट लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, मावशीनेच नको म्हणून सांगितलंय.

आधी जायचं कसं. मी मुंबईहून इथिओपियातलं अदिस अबाबा आणि तिथून मलावीची राजधानी लिलाँग्वे अशी गेले. विमानतळ शहरापासून लांब, वीस-पंचवीस किलोमीटर, गाडी आधी ठरवून ठेवा. व्हिसाचा ऑनलाइन अर्ज लवकर करा. यलो फीव्हरचं इंजेक्शन प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा, इथिओपियामार्गे येणार असाल तर येता-जाता दोन्हीकडे ते विचारू शकतात. डॉलर नेताना नव्या, स्वच्छ, मोठ्या नोटा न्या, जुन्या किंवा छोट्या नोटांना भाव कमी देतात. सिम एअरटेलचं मिळतं, आपलंच एअरटेल, आणि त्यावर एअरटेल मनी असतं ते चालू करून घ्या कारण खेड्यात कार्ड-बिर्ड काही चालत नाही, भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पायांचा, अडॅप्टर लागतो. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

लिलाँग्वेहून डेड्झा साधारण ८५ किलोमीटर. मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, सकाळी सहाला स्टँडवर असाल तरी साडेआठ धरून चाला. डेड्झा उंचावर आहे, तिथे मे-जूनमध्ये चांगली थंडी असते, स्वेटर हवाच. डेड्झाच्या पुढे रस्ता बराच वेळ सरहद्दीवरूनच जातो, उजव्या हाताची घरं मोझांबिकमधली, डाव्या हाताची मलावीतली, मधे कुंपण नाही की काही नाही, बायका डोक्यावर लाकडं घेऊन इकडून तिकडे जातायत. मग मसासाहून घाट उतरायला लागतो गोलोमोटीकडे. घाट म्हंजे आपल्या कसाऱ्यासारखाच, फक्त खाली दरीऐवजी सपाट मैदान आणि लांबवर मलावी सरोवराची निळी रेघ. खाली आलं की स्वेटर काढावा लागतो, इतका फरक. गोलोमोटीपासून पुढे मटोला, म्हंजे पिकअपच्या मागे बसून, आणि शेवटचे पाच किलोमीटर काबाझा, सायकल टॅक्सी. सायकलच्या कॅरिअरवर उशी बांधलेली असते त्यावर बसायचं. मोठी ट्रॉली बॅग आणू नका हो, पाठीवरची सॅक आणा, माझी बॅग दुसऱ्या सायकलवर बांधता बांधता अर्धा तास गेला.

मावशीच्या घरात चार सिस्टर. ती, एक केरळची, आणि दोघी मलावीच्याच. घर विटांचं, पत्र्याचं, मागे भाजीचा वाफा आणि कोंबड्या. सोलरवर तीन दिवे आणि फोन चार्जिंग, बाकी काही नाही.

त्यांचा दिवस पावणेपाचला सुरू होतो. अंधारात उठून अर्धा तास शांत प्रार्थना, मग चौघी मिळून छोट्याशा चॅपलमध्ये स्तोत्रं म्हणतात, चिचेवा भाषेत. रोज मिस्सा, म्हंजे चर्चची मुख्य उपासना, नसते, फादर दूरच्या पॅरिशमधून येतात, तेही रविवारी रस्ता ठीक असेल तर. मला वाटलेलं मिशन म्हंजे मोठी बेल, मोठं चर्च, रोज मिस्सा. तसं काही नाही. प्रार्थना झाली की लगेच पाणी. हापशावर रांग असते, हापसा अफ्रिदेव, ते कंपनीचं नाही, त्या प्रकारच्या पंपाचं नाव, आणि त्याचं मूळ डिझाइन मलावीतच सुरू झालेलं. सिस्टर म्हणून रांगेत पुढे कोणी जात नाही. मावशी पासष्टची आहे, तरी बादली स्वतः आणते, मी उचलायला गेले तर म्हणाली, "तू अठरा दिवसांनी जाशील, मग मला सवय मोडलेली परवडणार नाही." मला ते वाक्य लागलं, चांगल्या अर्थाने. नंतर सगळीकडे मी तेच बघत राहिले, की ही माणसं प्रत्येक गोष्ट उद्याही आणि परवाही जमेल अशाच बेताने करतात.

सात वाजता पोरं यायला लागतात. आधी अंगण झाडायचं, प्रत्येकाच्या हातात गवताचा झाडू, आणि झाडून झालं की मातीवर अशा बारीक कमानी उमटतात की पाय ठेवायला नको वाटतं. घंटा म्हंजे झाडाला टांगलेली ट्रकची जुनी रिम, लोखंडी कांबीने वाजवायची. राष्ट्रगीत, प्रार्थना, नखं तपासणी, आणि वर्ग. मलावीत प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे, स्टँडर्ड एक ते आठ, आणि तेव्हापासून खालच्या वर्गांत गर्दी झाली ती अजून तशीच. शाळा मिशनची पण बहुतेक शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हंजे आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखं. शिक्षक एकूण अकरा, त्यात सिस्टर तीनच.

मावशीकडे स्टँडर्ड टू. पटावर ११८. माझ्या वर्गात ३१ आहेत आणि मी तक्रार करते! खोलीत बाक नाहीत, पोरं जमिनीवर मांडी घालून, पुढच्याच्या पाठीला लागून दुसरा. मी पहिल्या दिवशी मागे भिंतीला टेकून बसले आणि बघत होते की ही आता करणार काय. तिने गोणीतून बाटल्यांची बुचं काढली, प्रत्येक रांगेच्या पहिल्या मुलाला मूठभर, आणि बुचं मागे मागे सरकत गेली. मग मावशी फळ्यावर १३ लिहून गप्प उभी राहिली. एकशे अठरा पोरं दहाचा एक ढीग आणि तीनचा दुसरा ढीग करतायत, फरशीवर बुचांचा टकटक आवाज, बोलणं नाही. ज्याचं चुकलं त्याचं शेजारचा दुरुस्त करतो, हे तिने शिकवलेलं. ती फिरत फक्त मधल्या तीन रांगांतून जाते कारण कमकुवत पोरं तिने तिथेच बसवलीत, हाताच्या अंतरावर. शेवटी बुचं परत मोजून गोणीत, ते मोजणंही पोरांनीच. मी बी.एड.ला असलं काही शिकले नव्हते. आता जूनपासून माझ्या वर्गात बुचं आहेत.

नऊच्या सुमाराला लिकुनी फाला, मका आणि सोयाच्या पिठाची पेज. गावातल्या बायका पाळीपाळीने मोठ्या हंड्यात शिजवतात, पोरं घरून प्लास्टिकचा मग आणतात. ज्या दिवशी पीठ संपलेलं असतं त्या दिवशी हजेरी पडते, मावशी म्हणाली की ती आधी हंड्याखालचा धूर बघते आणि मग हजेरीचा अंदाज करते.

दुपारनंतर मोठ्या मुलांचे जादा तास. आठवीला सरकारी परीक्षा असते, त्यावर कुठल्या सेकंडरी शाळेत नंबर लागतो ते ठरतं, म्हणून केरळच्या सिस्टर आंब्याच्या झाडाखाली त्यांचं गणित घेतात पार अंधार पडेस्तोवर. रात्री जेवण, प्रार्थना, आणि एका सोलर दिव्याभोवती चौघी वह्या तपासत बसलेल्या. नऊला सगळं सामसूम.

जेवणाबद्दल. न्सिमा म्हंजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून न्दिवोबरोबर खायची, न्दिवो म्हंजे तोंडीलावणं, पालेभाजी, चवळी, किंवा उसिपा ही सुकवलेली बारीक मासळी, आपल्या वसईवाल्यांना लगेच आवडेल, जवळ्याची आठवण येते. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. आणि नांदोलो! पहिल्यांदा ताटात बघितलं आणि मी म्हटलं अगं ही तर तूर. अख्खी तूर, नुसती मीठ घालून शिजवलेली. मलावीची तूर भारतात येते, २०२१ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला वर्षाला ५०,००० टनांचा, म्हंजे आपण वाण्याकडून आणतो त्या डाळीत तिथल्या कुणाच्या तरी शेतातली असू शकते. एका संध्याकाळी मावशीने कोळशाच्या शेगडीवर त्याला लसूण-मोहरीची फोडणी दिली, मी नेलेल्या बॉटल मसाल्यासकट. मलावीच्या सिस्टरनी चव घेऊन हसून म्हटलं, छान आहे, पण नांदोलो कुठे गेला? त्यांना मसाल्याखाली तुरीची चवच लागेना.

आता एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. मी ३०० पेनं नेली होती आणि मावशीला न विचारता सुट्टीत अंगणात वाटायला उभी राहिले. दोन मिनिटांत गर्दी झाली, रेटारेटी, एक छोटी मुलगी खाली पडली आणि तिचं ढोपर फुटलं. मावशीने रिम वाजवून सगळ्यांना वर्गात घेतलं, मुलीचं ढोपर धुतलं, आणि मला संध्याकाळी एवढंच म्हणाली, "उद्यापासून परका माणूस दिसला की पोरं हात पुढे करतील. ते मोडायला मला सहा महिने लागतील." मला खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं. जे काही न्याल ते हेडटीचरच्या हातात द्या, त्यांना स्टॉकबुकात लिहू द्या. फोटोही विचारल्याशिवाय नको. आणि दोन-तीन आठवड्यांसाठी जाऊन वर्गावर "शिकवू" अशी अपेक्षा ठेवू नका, तुम्ही गेल्यावर तो वर्ग परत त्यांनाच रुळावर आणावा लागतो. वह्या तपासा, शब्दपट्ट्या बनवा, ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हरं घाला, याचा खरा उपयोग होतो. मुलांसोबत राहायचं तर पोलीस क्लिअरन्स मागतात, तो इथूनच काढून न्या.

बायकांसाठी कपडे: गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट किंवा वरून चितेंजे, म्हंजे तिथलं रंगीत कापड गुंडाळायचं, बाजारात कुठेही मिळतं. कुणाच्या घरी जाताना बाहेरूनच "ओडी" म्हणायचं आणि आत बोलावेपर्यंत थांबायचं. वस्तू देता-घेताना उजवा हात, डावा हात उजव्या कोपराला. "मुली ब्वांजी" म्हंजे कसे आहात, "झिकोमो" म्हंजे आभारी. आपल्याला तिथे अम्वेन्ये म्हणतात, म्हंजे भारतीय, आणि बहुतेकांना वाटतं आपलं शहरात दुकान असणार.

मला सगळ्यात जास्त राहून राहून आठवते ती एका बुधवारची गोष्ट. स्टँडर्ड सेव्हनमधली एक मुलगी आठ दिवस आली नव्हती. शाळा सुटल्यावर मावशी आणि मलावीच्या एक सिस्टर तिच्या वाडीवर निघाल्या, मीही गेले, तासभर चाल, दोन्हीकडे मका काढून झालेली शेतं आणि अंगणाअंगणात शेंगा वाळत घातलेल्या. आधी गावच्या म्फुमूकडे, म्हंजे प्रमुखाकडे, हजेरी लावायची, तो रिवाज मोडायचा नाही. मग मुलीच्या घरी चटईवर बसलो. आई काहीच बोलेना. मावशीने तिला काही विचारलंही नाही, तिने विचारलं, मामा कुठे आहे? तिथल्या चेवा लोकांत घराणं आईकडून चालतं, आणि लग्नाचं बोलणं करतो तो न्खोस्वे, बहुतेक वेळा मुलीचा मामा. म्हणजे आईला समजावून उपयोग नाही, मामा हवा. मामा आला, मग अर्धा तास पावसाच्या आणि मक्याच्या गप्पा, मी आतून अस्वस्थ, मावशी शांत. शेवटी कळलं की लग्नाचं बोलणं सुरू आहे, मुलगी चौदाची. मलावीत कायद्याने लग्नाचं वय १८ आहे, २०१७ मध्ये घटनाही त्याप्रमाणे दुरुस्त झाली. आणि याच जिल्ह्यात प्रमुख राहिलेल्या थेरेसा काचिंदामोटो यांनी शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवलं, हे तिथे प्रत्येकाला माहीत. मावशीने कायद्याचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, आठवीची परीक्षा होऊ दे, तोपर्यंत थांब, वह्यांचं आम्ही बघतो. मामा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

परतताना अंधार झाला. मी विचारलं की येईल का गं ती. मावशी म्हणाली, "माहीत नाही. पुढच्या बुधवारी परत येऊ." मुलगी सोमवारी आली, मागच्या रांगेत बसली. मी निघेपर्यंत रोज येत होती.

मोकळा दिवस मिळाला तर मुआला जाच. गोलोमोटीहून सलीमाच्या रस्त्याला, घाटाच्या पायथ्याशी. १९०२ साली व्हाइट फादर्स या कॅथलिक मिशनरी संघाने सुरू केलेलं मिशन आहे, आणि तिथे क्लॉड बुशे या कॅनडाच्या फादरनी १९७६ मध्ये कुंगोनी कला केंद्र काढलं. तिथल्या चामारे म्युझियममध्ये गुले वामकुलूचे मुखवटे भिंतभर लावलेत, रंगीत, काही भीतीदायक. गुले वामकुलू म्हंजे चेवांचा मुखवट्यांचा पवित्र नाच, युनेस्कोच्या यादीत आहे. एकेकाळी मिशनऱ्यांनीच ज्याला सैतानी म्हणून हिणवलं तेच एका फादरने इतक्या प्रेमाने जपलंय, हे बघून मी बराच वेळ तिथेच उभी होते. गाईड घ्या, त्याशिवाय मुखवट्यांचा अर्थ लागत नाही. दुपारी फार उकडतं, सकाळी जा.

तब्येतीचं: मलेरिया वर्षभर असतो आणि धोकादायक प्रकारचा, डॉक्टरांना विचारून गोळ्या चालू करूनच जा आणि परत आल्यावरही सांगितलेत तितके दिवस घ्या. मच्छरदाणीत झोपा. सरोवरात किनाऱ्यालगत लव्हाळ्याजवळ पोहू नका, बिलहार्झिया हा पाण्यातल्या परजीवीचा आजार होतो. पाणी उकळून. आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेतून आलोय हे आधी सांगा. जायला मे ते ऑगस्ट बरं, नोव्हेंबरनंतर पावसात शेवटचा कच्चा रस्ता बंद पडतो.

मावशीने परवा व्हॉइस मेसेजवर पुढच्या वर्षीची यादी पाठवलीय, कुणी जाणार असेल तर मला सांगा, वाटून घेऊ: फळ्याला लावायचा काळा रंग, तो तिथे महाग पडतो. वाचायचे साधे चष्मे दीड ते अडीच नंबरचे, शिक्षकांसाठी. ढोपरांसाठी बँडेजची पट्टी. आणि वसईची सुकेळी दोन किलो, एक नको, कारण मागच्या वेळची चौघींनी मिळून चार दिवसांत संपवली.