तोरझोक: हमरस्त्यावरचे एक लहान शहर आणि त्याचा कारभार

रशियातील त्वेर शहराचे नाव आता महाराष्ट्रातील बऱ्याच घरांना ठाऊक आहे, कारण वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्याकडची मुले इथे येतात. पंधराव्या शतकात चौल आणि जुन्नर पाहून गेलेला व्यापारी अफानासी निकितिन याच शहराचा होता, हेही काहींना माहीत असते. मात्र त्वेरपासून सुमारे साठ किलोमीटरवर, मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग या जुन्या हमरस्त्यावर आणि त्वेर्त्सा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या तोरझोककडे आपल्यापैकी फारसे कोणी वळत नाही. मी त्वेरमध्ये राहतो आणि सवड मिळाली की तोरझोकला जातो. रशियात सत्ता कशी चालते, ती खालपर्यंत कशी पोहोचते आणि मध्येच कुठे अडते, हे मला या तालुक्याच्या गावाने जितके शिकवले तितके राजधानीने शिकवले नाही.

तोरझोकचा उल्लेख इतिवृत्तांत प्रथम ११३९ साली येतो. तेव्हा ते नोव्हगोरोद या व्यापारी प्रजासत्ताकाच्या आग्नेय सीमेवरचे ठाणे होते. नोव्हगोरोदच्या आसपासच्या जमिनीत धान्य पुरेसे पिकत नसे. ते दक्षिणेकडच्या संस्थानांतून येई आणि येताना तोरझोकवरून जाई. म्हणून ज्याच्या हाती तोरझोक, त्याच्या हाती नोव्हगोरोदची भाकरी, असा हा सरळ हिशेब होता. १२१५ साली राजपुत्र यारोस्लाव व्सेवोलोदोविच याने तोरझोकमध्ये ठाण मांडून धान्याच्या गाड्या अडवल्या, आणि नोव्हगोरोदमध्ये त्या वर्षी भीषण दुष्काळ पडला. पुढे १२३८ च्या हिवाळ्यात बातूच्या मंगोल सैन्याने शहराला वेढा घातला. नोव्हगोरोदकडून मदत आली नाही, तरीही लोकांनी दोन आठवडे तट लढवला. ५ मार्चला शहर पडले आणि त्यात मारल्या गेलेल्यांमध्ये इवान्को हा तिथला पोसादनिक, म्हणजे नागरी प्रशासक, होता असे इतिवृत्तकार नोंदवतो. त्यानंतर मंगोल सैन्य नोव्हगोरोदच्या दिशेने निघाले, पण तिथे न पोहोचताच मागे फिरले. तोरझोकने खाल्लेले ते दोन आठवडे याला कारणीभूत ठरले, असे अनेक इतिहासकार मानतात. १३७२ साली त्वेरच्या मिखाईल अलेक्सांद्रोविचने हे शहर जाळले, आणि १४७८ मध्ये नोव्हगोरोदचे स्वातंत्र्य संपले तेव्हा तोरझोकही मॉस्कोच्या राज्यात गेले.

आज गावात फिरताना जे रेखीव रस्ते आणि नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या फिकट रंगांच्या इमारती दिसतात, त्या मुख्यतः सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या काळातील आणि नंतरच्या आहेत. १७७५ च्या प्रांतिक सुधारणेने साम्राज्याची नव्याने आखणी झाली आणि तोरझोक त्वेर प्रांतातील एका उयेज्दचे, म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर तालुक्याचे, मुख्य ठिकाण बनले. त्यापूर्वी ते काही काळ पीटर्सबर्गच्या आणि पुढे नोव्हगोरोदच्या प्रांतात होते. १७८५ च्या सनदेने शहरांना दूमा, म्हणजे नगरपरिषद, आणि निवडलेला नगरप्रमुख दिला. अर्थात हा अधिकार व्यापारी आणि मालमत्ताधारक यांच्यापुरताच होता, शिवाय प्रांताच्या राज्यपालाची नजर प्रत्येक खर्चावर असे. त्याच वर्षी कॅथरीनने इथल्या बोरिसोग्लेब्स्की मठातील नव्या कॅथेड्रलचा पहिला दगड स्वतः बसवला. त्याचा आराखडा निकोलाय ल्वोव याचा होता. जवळच्याच चेरेंचित्सी या जहागिरीत जन्मलेला हा माणूस वास्तुरचना कोणत्याही अकादमीत शिकला नव्हता, तरी त्याने इटालियन वास्तुविशारद पल्लादिओचा ग्रंथ रशियनमध्ये आणला, लोकगीते संकलित केली आणि तोरझोकच्या परिसरात इतक्या इमारती उभारल्या की त्याच्या कामाचा अभ्यास करायला लोक आजही इथे येतात.

हमरस्ता हाच गावाचा उदरनिर्वाह होता. दोन राजधान्यांमधला प्रत्येक प्रवासी इथे घोडे बदलत असे, पोझार्स्कीच्या खानावळीत जेवत असे आणि सोनेरी जरीकाम केलेले मऊ चामड्याचे जोडे किंवा पट्टे विकत घेत असे. कवी पुश्किनने मित्राला इथले कटलेट खाण्याचा सल्ला दिला होता, आणि ते कटलेट अजूनही पोझार्स्कीच्याच नावाने साऱ्या रशियात मिळतात. १८५१ मध्ये मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वे सुरू झाली, पण तिचा मार्ग तोरझोकला बाजूला ठेवून गेला. आगगाडीची शाखा गावात पोहोचायला १८७० साल उजाडले, आणि मधल्या काळात घोडागाड्यांवर चालणारा सारा व्यवसाय ओसरला होता. गावाचे भवितव्य ठरवणारा हा निर्णय गावाबाहेर झाला. धान्याच्या गाड्या अडल्या तेव्हाही तसेच झाले होते आणि प्रांताच्या सीमा बदलल्या तेव्हाही.

तरीही तोरझोकच्या इतिहासात एक काळ असा आला, जेव्हा इथल्या लोकांनी स्वतःच्या प्रश्नांचा कारभार खरोखर स्वतः केला, आणि मला या गावाबद्दल लिहावेसे वाटते ते मुख्यतः त्या काळामुळे. १८६१ मध्ये भूदासप्रथा संपली, आणि जमीनदार व मुक्त झालेले शेतकरी यांच्यातील व्यवहार मिटवण्यासाठी मध्यस्थ नेमले गेले. त्वेर प्रांतातील अशा तेरा जणांनी फेब्रुवारी १८६२ मध्ये सरकारचा कायदा अपुरा असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्यांना पीटर-पॉल किल्ल्यातील तुरुंगात डांबण्यात आले. त्यांत अलेक्सेय आणि निकोलाय हे बाकुनिन बंधू होते. अराजकवादी म्हणून जगाला माहीत असलेला मिखाईल बाकुनिन त्यांचाच थोरला भाऊ, आणि या कुटुंबाचे प्रियामुखिनो हे गाव तेव्हा तोरझोकच्याच उयेज्दमध्ये येत असे. थोरला भाऊ युरोपभर क्रांतीची स्वप्ने पाहत असताना धाकटे भाऊ तालुक्यातच राहिले, आणि १८६४ च्या कायद्याने झेम्स्त्वो ही निवडलेली स्थानिक संस्था आली तेव्हा त्यांनी तिच्यात वर्षानुवर्षे काम केले.

झेम्स्त्वोकडे पोलीस नव्हते, न्यायालय नव्हते, कायदे करण्याचा अधिकार तर मुळीच नव्हता. जमीन आणि मालमत्तेवर कर बसवायचा आणि त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते, पूल आणि आगीचा विमा सांभाळायचा, एवढेच तिचे क्षेत्र. जमीनदार, शहरी मालमत्ताधारक आणि ग्रामसमुदाय यांच्या वेगवेगळ्या गटांतून सदस्य निवडले जात, त्यामुळे जमीनदारांचे वजन जास्त असे. १८९० नंतर ते आणखी वाढवण्यात आले. एवढ्या मर्यादा असूनही खेड्यात पगारी डॉक्टर बसला, गावोगावी शाळा उघडल्या, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे सरदार, व्यापारी आणि शेतकरी एका सभागृहात बसून अंदाजपत्रकावर वाद घालू लागले. माणसाला नागरिक बनवणारी गोष्ट कोणती, असे कोणी मला विचारले तर मी अशा अंदाजपत्रकाच्या सभेकडे बोट दाखवीन.

हीच सवय वरच्यांना खुपली. १८९५ च्या जानेवारीत नव्याने गादीवर आलेल्या दुसऱ्या निकोलायने झेम्स्त्वोंच्या प्रतिनिधींना सुनावले की राज्याच्या अंतर्गत कारभारात भाग घेण्याची त्यांची इच्छा म्हणजे निरर्थक स्वप्ने आहेत. ते बोल विशेषतः त्वेरच्या झेम्स्त्वोने पाठवलेल्या निवेदनाला उद्देशून होते. जानेवारी १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेवे याने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले: त्वेर प्रांताच्या झेम्स्त्वोबरोबर तोरझोक उयेज्दच्या झेम्स्त्वोचेही निवडून आलेले कार्यकारी मंडळ बाजूला सारून सरकारनियुक्त मंडळ बसवण्यात आले. संपूर्ण साम्राज्यातील शेकडो उयेज्दांमधून हे एकच तालुक्याचे गाव इतके नेमके वेचून काढले जावे, यातच तिथल्या कामाची पावती आहे असे मी मानतो.

१९१७ च्या क्रांतीनंतर झेम्स्त्वो आणि जुनी दूमा दोन्ही गेल्या आणि त्यांची जागा सोव्हिएत, म्हणजे नवी परिषद, व तिच्या कार्यकारी समितीने घेतली. खरा निर्णय मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या समितीत होई. १९२९ मध्ये उयेज्द आणि प्रांत ही रचनाच मोडली, तोरझोक मॉस्को ओब्लास्तमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रांतात, गेले, आणि १९३५ मध्ये नव्या कालिनिन ओब्लास्तमध्ये आले, ज्याला १९९० मध्ये पुन्हा त्वेरचे नाव मिळाले. मठाचा तुरुंग झाला. १९४१ मध्ये त्वेर जर्मनांच्या ताब्यात गेले, तेव्हा तोरझोकवर बाँबफेक झाली, पण शत्रूचे सैन्य गावात शिरू शकले नाही. युद्धानंतर इथे अग्निशमन वाहने बनवणारा कारखाना चालला, आणि १९७९ पासून लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांचे मोठे प्रशिक्षण केंद्र इथे आहे. जरीकामाचा जुना कारखानाही टिकला.

आजची प्रशासकीय स्थिती नवख्या माणसाला गोंधळात टाकते. २००३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानंतर तोरझोक शहराला स्वतंत्र नागरी ओक्रुगचा, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या एकाच पातळीच्या स्थानिक घटकाचा, दर्जा आहे. शहराची स्वतःची निवडलेली दूमा आहे आणि ती शहराचे अंदाजपत्रक मंजूर करते. सभोवतालच्या ग्रामीण भागाचा कारभार शहरात बसूनच चालत आला, पण तो कायद्याने शहरापासून वेगळा आहे. लोकसंख्या १९८९ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आसपास होती, २०१० मध्ये ती सुमारे ४७,७०० भरली, आणि तिची उतरण थांबलेली नाही. करदाते कमी झाले की शहर ओब्लास्तच्या अनुदानावर जास्त अवलंबून राहते आणि दूमेच्या हातात ठरवण्यासारखे कमी उरते. १९९३ च्या राज्यघटनेने स्थानिक स्वराज्य हे राज्यसत्तेच्या बाहेरचे मानले होते. २०२० च्या दुरुस्त्यांनी त्याला राज्यसत्तेसह एकाच सार्वजनिक सत्तेच्या व्यवस्थेत आणले, आणि मार्च २०२५ च्या नव्या कायद्याने खेड्यांच्या स्वतंत्र परिषदा बंद करून एकस्तरीय ओक्रुग हा नियम केला. जुनी द्विस्तरीय रचना ठेवायची की नाही, एवढी सवलत प्रदेशांना मिळाली आहे. प्रियामुखिनोसारख्या गावातील पुलाची किंवा शाळेच्या छपराची तक्रार ऐकणारी निवडलेली माणसे गावातच असावीत, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मत मला त्वेर्त्साकाठच्या या उयेज्दच्या झेम्स्त्वोचा इतिहास वाचूनच पटले आहे.