सहीचा कोरा चौकोन

मी ब्रिटनमध्ये नर्स आहे. यंदा सुट्टीला नाशिकला आले, तेव्हा पंचवटीतल्या घरी नर्सिंगच्या काही मुली भेटायला आल्या. पगार, थंडी, इंग्रजीची परीक्षा यांविषयी विचारतील असं वाटलं होतं. पण एकीचा पहिलाच प्रश्न होता, "ताई, तिकडे चार्टवर औषध दिल्याची सही राहिली तर व्हिसा जातो म्हणे, खरं का?"

सही राहिली म्हणून व्हिसा जात नाही. नोकरी गेली तर मात्र नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि भीतीचं मूळ तिथे आहे. घरी कर्जाचे हप्ते चालू असलेल्या मुलीला हे ६० दिवस सतत डोळ्यासमोर दिसतात. मग चूक झाली की ती सांगण्याआधी झाकायचं सुचतं, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

आमच्या वॉर्डातलं उदाहरण सांगते. ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना संध्याकाळी सहाला एनोक्सापॅरिन होतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर देतात ते इंजेक्शन. चार्टवर सहाच्या समोरचा चौकोन कोरा. आता रात्रपाळीच्या नर्सने काय समजायचं? देऊन सही राहिली, की दिलंच नाही? पुन्हा दिलं तर रक्तस्रावाचा धोका, न दिलं तर गुठळीचा. आजोबा गुंगीत, त्यांना काही आठवेना. शेवटी दिवसपाळीच्या मुलीला घरी फोन करून उठवलं. तिने दिलं होतं. तोवर डॉक्टरलाही बोलावून झालं होतं. औषध नाकारलं, रुग्ण उपाशी आहे, औषध वॉर्डात नाही, अशा प्रत्येक कारणाला चार्टवर खूण ठरलेली असते. कोऱ्या चौकोनातून मात्र काहीच कळत नाही.

घटनेची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी इन्चार्जने त्या मुलीला बसवून सगळं ऐकून घेतलं. तिने 'नंतर लिहिलेली नोंद' असं स्पष्ट म्हणून, लिहिताना घड्याळात होती ती वेळ टाकून, खाली सही केली. काही दिवस तिच्या औषधवाटपावर सीनियर उभी राहिली आणि विषय संपला.

दुसऱ्या एका वॉर्डात आपल्याकडचीच एक नर्स होती. चौकोन तसाच कोरा राहिलेला. तिने सकाळी येऊन गुपचूप कालच्या वेळेची सही ठोकली. रात्रीच्या नर्सने तोवर कोऱ्या चौकोनाची तक्रार नोंदवलेली होती. मग इंजेक्शन बाजूला राहिलं आणि खोट्या नोंदीची चौकशी लागली. इथली नर्सची नोंदणी करणारी संस्था, म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, औषधाच्या चुकीकडे शिकवून सुधारता येईल असं म्हणून बघते. अप्रामाणिकपणा सुधारला हे पटवणं फार अवघड जातं, आणि अशा प्रकरणांत रजिस्ट्रेशनवर गदा येऊ शकते. कौन्सिलच्या आचारसंहितेत नोंद त्याच वेळी किंवा शक्य तितक्या लवकर करा आणि त्यात खोटं लिहू नका, हे दोन्ही स्वच्छ लिहिलेलं आहे.

मला त्या मुलीबद्दल वाईट वाटतं, कारण तिला हे कुणीतरी शिकवलं होतं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी ड्युटी संपताना इन्चार्ज सिस्टर ओरडतात, "चार्ट पूर्ण करून जा!" आणि मुली एका बैठकीत आठ तासांच्या सह्या उरकतात. चूक कबूल केली की मेमो मिळतो, सगळ्यांसमोर पाणउतारा होतो. मग कोण कबूल करेल? मेट्रन मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगते, ओरडण्याआधी एकदा विचारा, त्या वेळी तिच्याकडे किती पेशंट होते.

ज्यांना यायचंय त्यांनी आजपासून, नाशिकच्या वॉर्डातच, सवय लावून घ्या. गोळी पेशंटने गिळली की तिथेच सही. इन्सुलिन लिहिताना 'युनिट' शब्द पूर्ण लिहा. नुसता इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि चारचे चाळीस होतात. चुकलं तर एक रेघ, तारीख, वेळ, सही. मॉर्फिनच्या रजिस्टरमध्ये तर खोडायचंही नाही, खाली टीप लिहायची.

इथे आल्यावर युनियनचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या. प्रकरण झाल्यावर सभासद झालात तर त्या प्रकरणात सहसा मदत मिळत नाही. शिस्तभंगाच्या सुनावणीला युनियनचा माणूस किंवा सहकारी सोबत नेण्याचा हक्क १९९९ च्या कायद्याने दिलेला आहे, तो वापरा. आणि जबाब लिहायची वेळ आली तर घाबरून "सगळी चूक माझीच" असं लिहून मोकळ्या होऊ नका. किती वाजता काय दिलं, मध्येच कुणी हाक मारली, त्या पाळीला किती नर्स कमी होत्या, हे सगळं लिहा. तेही तितकंच खरं असतं.