दुसऱ्या रायफलची पुंगळी कशाला कापायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमेरिकेत राहून घरी काडतुसं भरतो, म्हणजे वापरलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचात, पुंगळीत, नवी दारू आणि गोळी बसवतो, असं म्हटलं की आपली मंडळी हमखास विचारतात, "विकत मिळत नाहीत का हो?" आणि पाठोपाठ, "बरं, भरता ते भरता, एका रायफलच्या पुंगळ्या कापून दुसरीसाठी कशाला घडवता?"

मिळतात, हवी तेव्हा मिळत नाहीत आणि महाग पडतात. माझी रायफल जपानी आहे, टाइप ९९ अरिसाका, ७.७ मिमीची. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैनिकांनी अशा रायफली आठवण म्हणून घरी आणल्या. कित्येकींवरचं जपानी सम्राटाचं शेवंतीचं चिन्ह घासून काढलेलं दिसतं. रायफली आल्या, काडतुसांचं काय? काहींनी रायफलच आतून कोरून .३०-०६ या अमेरिकी काडतुसाच्या मापाची करून घेतली, जे मला आजही बघवत नाही. बाकीच्यांनी .३०-०६ ची पुंगळीच अरिसाकाच्या मापाला आणली. १९०६ साली अमेरिकी फौजेनं स्वीकारलेलं हे काडतूस, त्यामुळे त्याच्या रिकाम्या पुंगळ्यांना इथं तोटा नाही.

दोन्ही पुंगळ्यांचं बूड, म्हणजे मागचं टोक, जवळपास सारखं, म्हणून हे जमतं. लांबी मात्र ६३ मिमीवरून ५८ च्या आत आणायची. पुंगळी धुवायची, हलकं वंगण लावून प्रेसमधल्या डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबायची. वंगण कमी पडलं तर ती डायमध्येच रुतते, जास्त झालं तर खांद्यावर, म्हणजे पुंगळी वर निमुळती होते त्या उतारावर, पोचे पडतात. मग वरचा जादा भाग कापून कड साफ करायची.

खरी गोम इथून पुढे. नवी मान, म्हणजे गोळी धरून ठेवणारा वरचा अरुंद भाग, बनते ती जुन्या खांद्याच्या आणि अंगाच्या पितळातून, आणि ते पितळ जाड असतं. जाड मानेला चेंबरमध्ये, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत, फुलायला जागा उरली नाही तर गोळी सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. दिसायला काडतूस अगदी बरोबर! म्हणून मायक्रोमीटरनं जाडी मोजायची आणि मान आतून किंवा बाहेरून तासायची. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो.

शिवाय दाबून दाबून पितळ कडक होतं, मग मानेला चिरा जातात. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर ठोकून कडक झालेलं भांडं पुन्हा भट्टीत घालतात, तसंच हे. फक्त पुंगळीची मान आणि खांदाच तापवायचा. बूड मऊ पडलं तर स्फोटाचा दाब झेलणार कोण? म्हणून बूड पाण्यात उभं ठेवतात.

पैसे वाचतात का? वेळेचा हिशेब धरला तर नाही. पण जुनी रायफल न कोरता चालती राहते, आणि मला तेवढं पुरतं.

भारतातून विचारणाऱ्यांना एवढंच: तिथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि इथल्यांना: बुडावरचा शिक्का .३०-०६ चाच राहतो, तेव्हा डबा वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात ७.७ लिहा.