‘पेशंट कोण आहे?’ : उमेदवाराची भूमिका लेखी मिळवण्याचा माझा अनुभव

निवडणूक होऊन गेली, तरी प्रचार कार्यालयातला एक प्रश्न आठवला की माझं डोकं अजून तापतं. मी विचारलं होतं, ‘आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या पदांबद्दल साहेबांची भूमिका काय?’ टेबलामागच्या माणसानं वही पुढे ओढली आणि म्हणाला, ‘पेशंट कोण आहे?’

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. आता निवृत्त आहे. मराठवाड्यातला आमचा तालुका, तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. इमारत चांगली आहे, शस्त्रक्रियागृह आहे. पण भूलतज्ज्ञ नसला की सिझेरियनची बाई रात्री जिल्ह्याला पाठवायची, आणि रस्त्यात काय होईल याचा घोर नातेवाइकांपेक्षा पाठवणाऱ्या सिस्टरला जास्त असतो. तो घोर मी नोकरीभर सोसला आहे.

दुसरा विषय शेजारच्या घरातला. त्यांचा मुलगा किरकोळ चोरीच्या गुन्ह्यात जिल्हा कारागृहात होता. न्यायालयानं जामीन दिला होता, तरी पोरगा आतच. का? तर जामीनदार नाही. सातबारा असलेला कोण उभा राहणार मजुराच्या पोरासाठी? त्याची आई दर मुलाखतीला जाऊन रडून परत यायची. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. हा आकडा मी पूर्वी वाचला होता. त्या माऊलीकडे बघून तो कळला.

विधानसभेची निवडणूक लागली, 20 नोव्हेंबर 2024 चं मतदान जाहीर झालं, तेव्हा मी ठरवलं की या दोन विषयांवर आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांकडून लेखी उत्तर घ्यायचं. कुणी म्हणेल, आमदाराचा याच्याशी काय संबंध? सगळा संबंध आमदाराशीच आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची काढून बघा. पोलीस, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं, सगळं राज्याकडे. खासदारापेक्षा आमदारालाच हे विचारलं पाहिजे. त्यात त्या वेळी जिल्हा परिषदेवर प्रशासक होते, निवडून आलेले सदस्यच नव्हते. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे असतात, त्यामुळे तिथलं गाऱ्हाणं ऐकायलाही आमदारच उरले होते.

उमेदवारांची यादी, त्यांची नमुना 26 ची शपथपत्रं मिळायला काहीच अडचण आली नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळी असतात. भाचीनं फोनवर काढून दिली. 4 नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली आणि रिंगणात कोण राहिलं ते स्पष्ट झालं. शपथपत्रात संपत्ती, कर्ज, शिक्षण, खटले हे सगळं कळतं. उमेदवार दवाखान्याबद्दल काय करणार, हे मात्र त्यात कुठेच नसतं. ते विचारूनच घ्यावं लागतं, आणि माझी गाडी अडली ती तिथेच.

एका मोठ्या उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात गेले. मंडप, खुर्च्या, चहा, पोरांची गर्दी. मी माझा कागद पुढे केला. तिथे बसलेल्यानं तो वाचलाच नाही. ‘पेशंट कोण आहे? कुठल्या दवाखान्यात आहे? बिल किती झालंय? साहेबांचा फोन लावून देतो.’ मी म्हटलं, ‘भाऊ, पेशंट कुणी नाही. धोरण विचारायला आलेय.’ तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कैद्यांच्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाला, ‘आत कोण आहे? पोलीस ठाणं कोणतं?’ मी पुन्हा सांगितलं की मला कुणाला सोडवून घ्यायचं नाही, साहेबांचं म्हणणं हवंय. ‘मावशी, तुमच्या घरात मतं किती?’ हा त्याचा पुढचा प्रश्न.

मला राग त्या पोराचा आला नाही. तो प्रामाणिकपणे मदतच करायला बसला होता. मी खरोखर पेशंट घेऊन गेले असते तर त्यानं अर्ध्या तासात काम केलं असतं, याची मला खात्री आहे. राग आला तो त्या वहीचा. वहीत रकाने होते. नाव, गाव, मतदान केंद्र, काम. ‘काम’ या रकान्यात रस्ता, सभामंडप, नळ, बदली, दवाखान्याचं बिल, सगळं बसत होतं. तालुक्यातल्या प्रत्येक बाईला रात्री भूलतज्ज्ञ मिळाला पाहिजे, हे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. एका पेशंटसाठी फोन करणारा आमदार चांगला, ही सवय आपणच त्यांना लावली आहे. फोनवर एक खाट मिळते. दुसऱ्या दिवशी दुसरा पेशंट येतो, त्याला पुन्हा फोन. पद भरलं असतं तर दोघांनाही फोन लागला नसता.

पुन्हा गेले तेव्हा स्वीय सहायक भेटले. सुशिक्षित माणूस. त्यांनी पक्षाचा जाहीरनामा हातात दिला, ‘सगळं यात आहे.’ घरी येऊन मी तो आणि समोरच्यांचाही नीट वाचला. महायुतीच्या वचनांत आशा आणि अंगणवाडी सेविकांना महिन्याला 15,000 रुपये आणि पोलीस दलात 25,000 महिला होत्या. महाविकास आघाडीच्या हमीत 25 लाखांपर्यंतचा आरोग्य विमा आणि मोफत औषधं होती. चांगल्या गोष्टी आहेत, मी नाकारत नाही. पण विमा हा खर्च भागवतो, डॉक्टर आणत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तर 1 जुलै 2024 पासून रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना लागू झाली होती, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण योजनेतलं रुग्णालय जिल्ह्याच्या गावी असेल, तर रात्री दोन वाजता वाडीवरची बाई ते कार्ड घेऊन काय करणार? आणि कच्च्या कैद्यांबद्दल मला दोन्हीकडे काही सापडलं नाही. हेच स्वीय सहायकांना सांगायला गेले, तर ‘साहेब प्रचारात आहेत, निरोप देतो.’ निरोप पोचला की नाही कळायला मार्ग नाही. दिवाळी होऊन गेली होती, सभा सुरू होत्या, मी वाट बघत राहिले. वाट बघणं मला जमतं, दवाखान्यात तेच शिकले. पण इथे समोर पेशंट नव्हता, कॅलेंडर होतं. 18 नोव्हेंबरला संध्याकाळी प्रचार थांबणार होता.

शेवटी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देण्याचं, काम करणाऱ्या वकीलताईंकडे गेले. खरं तर शेजारच्या पोरासाठी गेले होते. त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, असं विचाराल तर कुणीही “आम्ही सकारात्मक आहोत” म्हणेल. आमदाराच्या हातात जे आहे तेच विचारा, आणि हो किंवा नाही असं उत्तर येईल असं विचारा.’ हा सल्ला सोन्यासारखा निघाला. आम्ही कागद नव्यानं लिहिला.

आरोग्यावर : ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदं किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञ कधी मिळणार, यावर तुम्ही विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) लावाल का? स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटींचा असतो, त्यातला काही वाटा दवाखान्यातल्या यंत्रसामग्रीसाठी द्याल का?

न्यायावर : कैद्याला तारखेला न्यायालयात न्यायला पोलीस गार्ड मिळत नाही म्हणून तारखा पडतात, हा गृहविभागाचा विषय आहे, तो मांडाल का? गरीब कैद्यांसाठी केंद्रानं 2023 मध्ये योजना आणली आहे. जामिनासाठी कच्च्या कैद्याला 40,000 रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, जिल्ह्याची समिती ठरवते. आपल्या जिल्ह्यात ती किती जणांना मिळाली, हे सभागृहात विचाराल का?

हा कागद घेऊन मी कार्यालयात गेलेच नाही. आमच्या गल्लीत कोपरा सभा होती, तिथे गेले. भाषण संपल्यावर उभी राहिले आणि पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला. सभेत माझ्या हाताखाली बाळंत झालेल्या निदान चार बायका असतील. त्या गप्प बसल्या नाहीत. ‘सांगा की साहेब,’ म्हणाल्या. उमेदवार खाली उतरून आले, कागद घेतला, आरोग्याच्या दोन्ही प्रश्नांपुढे ‘होय’ लिहून सही केली. तुरुंगाचा प्रश्न वाचून म्हणाले, ‘ताई, हा कोर्टाचा विषय आहे, आम्ही त्यात पडू शकत नाही.’ मी म्हटलं, ‘साहेब, जामीन देणं कोर्टाचं. गार्ड, गाडी आणि तुरुंग सरकारचं.’ ते थांबले. मग ‘माहिती घेऊन प्रश्न मांडू’ असं लिहून खाली सही केली. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही. त्या सहीमागे आमच्या गल्लीतल्या बायका उभ्या होत्या.

दुसऱ्या एका उमेदवारानं सगळ्या प्रश्नांची उत्तरं सहीसकट घरपोच पाठवली. तिसऱ्याकडून काहीच आलं नाही. तिन्ही गोष्टी मी मतदानाआधी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जशाच्या तशा टाकल्या, कुणाला मत द्या हे सांगितलं नाही.

कुणाला असं करायचं असेल तर तयारी निवडणूक लागण्याच्या बऱ्याच आधी करा. रिक्त पदांची माहिती मी माहिती अधिकारात उन्हाळ्यातच मागून ठेवली होती. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवस. माघारीपासून मतदानापर्यंत तेवढे दिवसच नसतात. अर्ज कुणाकडे करायचा तेही बघून घ्या : ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. आणि कार्यालयात कागद दिलाच तर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. मला तिथे पोच द्यायला कुणी तयार नव्हतं, मग मी दुसरी प्रत नोंदणीकृत टपालानं पाठवली.

उमेदवारावर गुन्हे असतील तर ते त्यानं प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करायचे असतात, आणि अशा माणसाला तिकीट का दिलं याची कारणं पक्षानं सांगायची असतात. हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. न्यायव्यवस्थेबद्दल प्रश्न विचारण्याआधी त्या जाहिराती शोधून वाचाव्यात. त्या बारीक अक्षरात असतात, चष्मा लावून बघा.

शेजारच्या पोराचं सांगायचं राहिलं. जामीन मिळूनही महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करायचा विचार करू शकतं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला दिले आहेत. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. हे त्याच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. वकीलताईंनी अर्ज केला, न्यायालयानं जामीनदाराची अट काढून वैयक्तिक बंधपत्रावर सोडलं. वकिलाची फी लागली नाही. कोठडीत असलेल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला असेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 खाली सुटकेचा अर्ज होतो. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी अडचण येते, तेव्हा वकिलाला आधी ते सांगा. फोन करायचा असेल तर विधी सेवेची हेल्पलाइन आहे, 15100.

सही करणारे उमेदवार निवडून आले. 3 मार्च 2025 ला अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं. त्याच्या बरंच आधी, जानेवारीतच, मी त्यांच्याच सहीच्या कागदाची प्रत, माहिती अधिकारातली पदांची यादी आणि प्रश्नाचा मसुदा पाठवला. प्रश्न आधी द्यावे लागतात, ऐन वेळी देऊन उपयोग नाही. या वेळी पोचपावती घरी आली. गार्डच्या प्रश्नाचा मसुदा वकीलताई लिहितायत, तो पुढच्या अधिवेशनाआधी जाईल.